गंगव्वा रुग्णालयातली बैठक व्यवस्था

बाईमाणसानं उभं राहूनच काम करावं असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय ते मला माहीत नाही. आमच्या गंगव्वा स्मारक धर्मादाय रुग्णालयात मात्र हे शास्त्र कडक पाळतात, आणि त्यापायी गेल्या महिन्यात माझी झोप, माझी अब्रू आणि घरातली एक चांगली प्लास्टिकची खुर्ची अशा तीन गोष्टी गेल्या. पैकी खुर्ची परत मिळण्याची आशा मी अजून सोडलेली नाही.

मी इथला प्रशासन अधिकारी, मृत्युंजय पट्टणशेट्टी. नाव लांबलचक, अधिकार आखूड. डॉक्टर मला कारकून समजतात, कारकून मला अध्यक्षांचा माणूस समजतात, आणि लिफ्ट बंद पडली की ज्याच्यावर ओरडायचं तो हाच, असं पेशंटचे नातेवाईक समजतात. आमची लिफ्ट बहुतेक बंदच असते. अध्यक्ष मला काय समजतात, ते विचारायचं धाडस मी केलेलं नाही.

अध्यक्ष म्हणजे बसलिंगाप्पाअण्णा. कोल्हापूरच्या शाहूपुरीत गुळाची मोठी अडत. आवाज असा, की अण्णा तळमजल्यावर बोलले की दुसऱ्या मजल्यावरचे पेशंट कूस बदलतात. गंगव्वा ही त्यांची आई. रुग्णालयाच्या उद्घाटनाच्या दिवशी अण्णांनी माईक हातात धरून सांगितलं होतं, "आमची अव्वा जल्मात कवा कुनाच्या आदी बसली न्हाई. घरात पन्नास मानूस जेवायचं, अव्वा आपली उभी. तिच्या नावाच्या दवाखान्यात पोरी खुर्चीत बसून पाय हलवीत असल्या, तर मला खपायचं न्हाई!" टाळ्या पडल्या. तेव्हापासून आमच्या वॉर्डांत सिस्टरांना टेबल आहे, खुर्ची नाही. केसपेपर उभ्यानं लिहायचे, गोळ्या उभ्यानं मोजायच्या, डॉक्टरांची बोलणी उभ्यानं ऐकायची. अण्णा हा नियम सांगताना स्वतः बसलेले असतात, हे वेगळं सांगायला नकोच.

मीही हे निमूट बघत आलो होतो. पण यंदा, म्हणजे दोन हजार तीनच्या जानेवारीत, मला पुण्याला एका शिबिराला पाठवलं. रुग्णालयाच्या व्यवस्थापकांनी आपल्या माणसांची बाजू कशी घ्यावी, असा विषय होता. बोलणाऱ्या बाई फार तळमळीनं सांगत होत्या, "तुमच्या हाताखालच्या माणसावर अन्याय होत असेल तर गप्प राहू नका, त्याची बाजू घ्या. आणि घेण्याआधी त्याला नेमकं काय हवंय ते विचारा." पहिलं वाक्य मी मनावर कोरून घेतलं. दुसऱ्या वाक्याच्या वेळी जेवणाची ताटं लागल्याचं कुणीतरी सांगितलं आणि त्यात आम्रखंड आहे असंही कळलं.

परत आलो तो अन्याय शोधतच. तो दुसऱ्या मजल्यावरच्या जनरल वॉर्डात लगेच सापडला. सलमा सिस्टर टेबलावर दोन्ही कोपरं टेकून केसपेपर लिहीत होती. सातवा महिना. रोज जयसिंगपूरहून एसटीनं येणार, तीही बहुतेक उभ्यानंच, आणि इथं आल्यावर पुन्हा उभीच. पाय एवढे सुजलेले की चपलेचा पट्टा लागत नव्हता, म्हणून नवऱ्याच्या स्लिपरा घालून आलेली. ते पाय बघून माझं डोकं फिरलं. आम्ही ज्या वॉर्डात सुजलेल्या पायाच्या माणसाला उशीवर पाय ठेवून झोपा म्हणून सांगतो, त्याच वॉर्डात ही बाई उभी होती.

घरी येऊन मी शांभवीला, म्हणजे बायकोला, सांगितलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "मग अण्णांना सरळ सांगा की, हे बरं नव्हे म्हणून."

बायकांना प्रशासन कळत नाही ते असं. अण्णांना सरळ सांगायचं म्हणजे काय खायचं काम आहे? त्यापेक्षा एक खुर्ची नेऊन ठेवणं सोपं. दुसऱ्या दिवशी गॅलरीतली हिरवी प्लास्टिकची खुर्ची स्कूटरवर पुढं उलटी घालून मी निघालो. दसरा चौकात एकजण थांबून म्हणाला, "काय पावणं, खुर्ची घिऊनच निघालाय, इलेक्शनला उभं ऱ्हातायसा जणू!" मी लक्ष दिलं नाही. समाजसुधारणेत एवढं सोसावं लागतं.

वॉर्डात खुर्ची टेबलामागं ठेवली. "सलमा सिस्टर, बसा," मी म्हणालो.

ती दाराकडं बघत म्हणाली, "साहेब, अण्णा..."

"अण्णांचं मी बघतो." हे वाक्य मी इतक्या रुबाबात म्हटलं की मलाच बरं वाटलं, आणि मी खाली ऑफिसात निघून गेलो.

आता आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे. पेशंटला बघायला जाणं हे कोल्हापूर जिल्ह्यात लग्नाला जाण्यापेक्षा सक्तीचं आहे. लग्नाला कोण आलं नाही हे माणूस विसरतो, कारण तेव्हा त्याला दुसरे व्याप असतात. ऑपरेशन झाल्यावर बघायला कोण आलं नाही हे मात्र तो विसरत नाही, कारण पडल्या पडल्या त्याला दुसरं कामच नसतं. त्या दिवशी शिरोळच्या ज्ञानूला डिस्चार्ज होता. हर्नियाचं ऑपरेशन. त्याला न्यायला ट्रॅक्टरची ट्रॉली भरून गाव आलं होतं. शहाळी होती, बिस्किटं होती, एकानं तर उसाची मोळी आणली होती. हर्नियावर ऊस कसा लागू पडतो हे मी विचारलं नाही.

दुपारी वर गेलो तर माझ्या खुर्चीत ज्ञानूचे चुलते गुंडूतात्या पटका सोडून आरामात बसलेले, आणि सलमा सिस्टर त्यांना पाणी देत शेजारी उभी.

"मीच बसा की म्हणलं," ती म्हणाली. "वयस्कर मानूस. उभं कसं ठेवायचं?"

माझं पित्त खवळलं. "तात्या, उठा. ही सिस्टरांची खुर्ची आहे."

"सिस्टर तर उभी हाय," तात्या म्हणाले. "तिला बसायचं असतं तर बसली नसती व्हय?"

"तुम्ही बसलाय म्हणून ती उभी आहे!"

"आनि मी उठलो म्हंजे ती बसंल व्हय? इचारा तिला."

"नगं नगं, बसा तुम्ही," सलमा सिस्टर म्हणाली.

"बगा!" तात्यांनी सगळ्या ट्रॉलीकडं बघून हात पसरले. "दवाखान्यात पावन्याला उठिवत्यात! कुठलं वो गाव तुमचं?"

मी कोल्हापूरचाच म्हटल्यावर ट्रॉली जास्तच भडकली. बाहेरगावचा असतो तर रीत माहीत नाही म्हणून सोडून दिलं असतं. तात्या शिरोळचा गूळ अण्णांच्याच अडतीवर घालतात, हे मला संध्याकाळी अण्णांच्या फोनवरून कळलं. फोन चालू असताना मी रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरला होता, तरी सगळं ऐकू आलं. आणि लिफ्ट बंद असल्यामुळं गावानं ज्ञानूला माझ्याच खुर्चीत बसवून खाली नेलं, आणि टाके दुखतील म्हणून खुर्चीसकट ट्रॉलीत चढवलं. ती हिरवी खुर्ची सध्या शिरोळात आहे.

आमच्या शेजारी कृष्णातराव राहतात. एसटीतून कंट्रोलर म्हणून रिटायर झालेले. सगळी हकिगत ऐकून ते म्हणाले, "तुमचं चुकलं कुठं सांगू? खुर्ची न्ह्यायला नगो हुती. खुर्ची म्हंजे मान. मान मोकळा दिसला की मानूस बसतंयच. तुम्ही स्टूल न्या. स्टुलावर बसनं म्हंजे बसनं न्हवं, ते टेकनं. टेकन्याला अण्णांचा नियम लागू व्हत न्हाई."

मी एकेकाळी कायद्याचं पहिलं वर्ष केलेला माणूस. तरी मला हा मुद्दा बिनतोड वाटला, यावरून माझी अवस्था लक्षात यावी. स्टोअरमधून एक लाकडी स्टूल काढलं, आणि तेही शिरोळला जाऊ नये म्हणून साखळीनं टेबलाच्या पायाला बांधलं. सलमा सिस्टर येता-जाता त्यावर टेकू लागली. मी ऑफिसात बसून स्वतःवर खूश होतो.

मग अण्णा राउंडला आले. मी मागं, मेट्रन बाळाबाई माझ्याही मागं.

"ह्ये काय?" अण्णा थांबले. "साखळी कशाला? स्टूल काय चावतंय?"

सगळा वॉर्ड माझ्याकडं बघायला लागला. सलमा सिस्टरही. अण्णांचं मी बघतो म्हणालो होतो, ते बघायची वेळ हीच होती. मी घसा साफ केला, छाती पुढं काढली आणि म्हणालो, "वरच्या फळीवरची औषधं काढायला, अण्णा."

"हां!" अण्णा खूश झाले. "ह्येला म्हनायचं डोस्कं! बाळाबाई, आता समदी औषधं वरच्या फळीवर ठिवा. खालचं कपाट मोकळं करा. तितं देनगीदारांचं फोटो लावूया."

दुसऱ्या दिवशी वॉर्डात शिरलो. सलमा सिस्टर त्या स्टुलावर उभी होती. सातव्या महिन्याचं पोट फळीला लागतंय, एक हात वरच्या बाटलीकडं, दुसऱ्या हातानं कपाटाचं दार धरलेलं. आणि साखळी आखूड असल्यामुळं स्टूल तिरकं. मी धावत जाऊन स्टूल धरलं आणि असा ओरडलो की एक बाई बाळंतखोलीतून बाहेर डोकावली. ती तिथली पेशंट होती.

"ओरडताय कशाला?" बाळाबाई थंडपणे म्हणाल्या. "तुमीच काढलाय की ह्यो नियम."

"अहो, तिच्या पोटाकडं बघा!"

"मी दोन बाळंतपनं ह्याच वॉर्डात उभ्यानं काढलो, साहेब. रडलो न्हाई. ह्या पोरींचंच काय निराळं?"

मी त्यांना ताडकन काहीतरी बोलणार होतो. तेवढ्यात त्या औषधं आवरायला वाकल्या आणि साडीखालून पोटऱ्यांना करकचून गुंडाळलेल्या पट्ट्या दिसल्या. आयुष्यभर उभं राहून फुगलेल्या शिरा. मग बाळाबाईंचा राग येईना, आणि आलेला राग तर जाईना. अशा रागाचं माणसानं करायचं काय? मी ऑफिसात जाऊन कॅलेंडर सरळ केलं.

माझ्या ओरडण्याची बातमी अण्णांच्या घरी पोचली. चन्नम्माकाकू, म्हणजे अण्णांच्या मंडळी आणि ट्रस्टच्या सभासद, मनानं मऊ बाई. त्यांनी निरोप धाडला, "पोरगीला सातवा हाय तर हौस करूया." आणि आमच्या महिला समितीनं सलमा सिस्टरचं डोहाळजेवण करायचं ठरवलं. बाईला बसायला खुर्ची नाही, त्यावर या रुग्णालयाला सुचलेला उपाय म्हणजे डोहाळजेवण! मी विरोध करायला गेलो, तर मांडवाची जबाबदारी माझ्याच गळ्यात पडली.

वॉर्डाच्या मधोमध खुर्ची आली. आणि कसली खुर्ची! लाल मखमलीची, सोनेरी पाठीची, दोन्ही हातांना निशिगंधाच्या माळा. सलमा सिस्टरला हिरव्या बांगड्या भरल्या, डोक्यावर फुलांचा मुकुट चढवला आणि तिला त्या खुर्चीत बसवलं. तिची नणंद नसरीन जयसिंगपूरहून खिरीचा डबा घेऊन आली होती. पेशंट बायका सलाईन लावलेल्या हातांनी टाळ्या वाजवत होत्या. अण्णांनी भाषण केलं. स्त्री ही शक्ती आहे असं त्यांचं मत पडलं. वार्ताहरानं फोटो काढला, त्यात मी अर्धा आलो.

कार्यक्रम संपला तसा मांडववाल्याचा माणूस आला. "ताई, उठा आता. खुर्ची फुलेवाडीला लग्नात जायाची हाय." सलमा सिस्टर उठली. खुर्ची गेली. आणि कोपऱ्यातल्या कॉटवरची सलाईन संपत आली होती, म्हणून ती डोक्यावरचा मुकुटही न काढता तशीच बाटली घेऊन पळाली. बाटली बदलून पुन्हा टेबलापाशी येऊन उभी राहिली. खिरीची वाटी हातात घेऊन सगळी समिती कौतुकानं बघत होती. एकीलाही काही खटकलं नाही. त्या वेळी माझ्या हातात ती मखमली खुर्ची असती तर मी ती कुणाच्या डोक्यात घातली असती याचा नेम नाही.

दोन दिवसांनी पेपरात फोटो आला. अण्णांनी तो निरखून बघितला. "पोरगी लई दमल्याली दिसतीया," ते म्हणाले. "झेपत न्हाई तर घरी बसू दे की. बदली बाई बगा. सोमवारच्या मिटिंगीत घालूया."

हे ऐकायला दयाळू वाटतं. पण आमच्याकडं पोटुशी सिस्टर 'स्वखुशीनं' घरी बसली की ती परत कामावर आल्याचं एकही उदाहरण नाही. जागा भरलेली असते. मग तिनं बाळ घेऊन दोन-चार हेलपाटे घालायचे, आणि मी तिला 'बघू' म्हणायचं.

मी तडक वर गेलो. सलमा सिस्टरला म्हणालो, "तुम्ही अजिबात घाबरू नका. मी वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगायला लावतो. काकूंना भेटतो. घडीची खुर्ची मिळाली तर..."

"साहेब, एक बोलू?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण चिडलेली होती. "मी खुर्ची कवा मागितल्ती?"

मी खिशातलं पेन काढलं आणि परत ठेवलं.

"स्टोअरमधी खुर्च्यांची चळत लागलीया. खुर्ची आनायला मला साहेब कशाला पायजे? माजी मी आनली असती. बसल्यावर कोन बोललं, तर 'मी बसीवलंय तिला' म्हननारं मानूस पायजे हुतं. अण्णांच्या तोंडावर. तेवढं सोडून तुम्ही समदं केलासा."

"पण..."

"माजा नवरा तौसीफ शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत हाय, ती निम्मा आठवडा बंद असती. मी घरी गेलो की आमचं घर बसलं. मला घरी बसायचं न्हाई साहेब, हितं बसायचंय." आणि केसपेपर ओढून ती उभ्यानं लिहायला लागली.

मला भयंकर राग आला. एक तर मी एवढी यातायात केली, खुर्ची घालवली, शिरोळची बोलणी खाल्ली. आणि त्याहून चीड आणणारी गोष्ट म्हणजे ती अक्षरन् अक्षर खरं बोलत होती.

सोमवारी ट्रस्टची मिटिंग. हॉलमध्ये गुबगुबीत खुर्च्या, पुढं चहा. मी दारापाशी उभा राहिलो.

"बसा की, पट्टणशेट्टी," अण्णा म्हणाले.

"मी बसणार नाही."

आमच्या भागात एक माणूस मुद्दाम उभा राहिला की बसलेल्यांची पंचाईत होते. चहाला कुणी हात लावेना. "अहो बसा," "टेका तरी," असा आग्रह सुरू झाला. एका विश्वस्तांनी जवळ येऊन हळूच विचारलं, "मूळव्याध हाय काय?" आणि गडहिंग्लजच्या एका वैद्याचा पत्ता सांगू लागले. इथं माझा बांध फुटला.

"मला काही झालेलं नाही! अण्णा, सलमा सिस्टर घरी जाणार नाही. ती इथंच काम करणार आणि बसून करणार. ते स्टूल औषधांसाठी नव्हतंच, तिच्यासाठी होतं. तुमची भीती वाटली म्हणून मी खोटं बोललो, आणि त्यापायी ती पोटुशी बाई स्टुलावर चढली. पडली असती म्हंजे? तिला मखमलीच्या खुर्चीत बसवून फोटो काढलासा आन् फोटो झाल्यावर उठिवलासा! लाज वाटाय पायजे आपल्याला! ह्येला धर्मादाय म्हनायचं व्हय?" रागात माझी भाषा अशी घसरते. शाळेतही याबद्दल मार खाल्लाय.

अण्णांचा चेहरा लालबुंद झाला. "आमची अव्वा जल्मात कवा..."

"अव्वा बसत न्हवत्या," चन्नम्माकाकू मधेच म्हणाल्या, "कारन त्यास्नी कुनी बस म्हनलंच न्हाई. तुमी सुदिक."

अण्णा बायकोकडं बघत राहिले. मग टेबलाकडं. शेवटी म्हणाले, "मग बसू दे तिला. हितंच ऱ्हाऊ दे. पन खुर्ची दारातनं दिसाय नगो. पडदा लावा."

"दिसणार," मी म्हणालो.

"पट्टणशेट्टी, नोकरी करायची हाय न्हवं?"

"करायची हाय. म्हणूनच दिसणार."

अण्णांनी कप उचलला, तोंडाला लावला आणि चहा गार झाला म्हणून चहावाल्यावर असे ओरडले की त्या ओरडण्यात माझा विषय संपून गेला. आमच्याकडं यालाच ठराव मंजूर होणं म्हणतात.

मला दिलेली गुबगुबीत खुर्ची मी तिथूनच उचलली. लिफ्ट अर्थातच बंद. दोन जिने चढून वर पोचलो तेव्हा भेटीची वेळ होती आणि वॉर्ड माणसांनी भरला होता. दारातून सरळ दिसेल अशी, टेबलाच्या शेजारी मी खुर्ची आदळली.

"सगळ्यांनी ऐका!" मी दम खात ओरडलो. "ही खुर्ची सिस्टरांची. सिस्टर बसूनच काम करतील. पावण्यांनी बसायचं नाही. कुणाला काय बोलायचं असेल त्यानं मला बोला. मी बसवलंय त्यांना!"

मग खिडकीजवळचा एक म्हातारा म्हणाला, "बसू द्या की वो. आमी कुटं नगो म्हनलोय?"

सलमा सिस्टरनं माझ्याकडं बघितलं. एक हात टेबलावर टेकून, अंदाज घेत, ती हळूहळू खाली झाली आणि बसली. पाय लांब केले. डोळे मिटले. तोंडातून एक लांब उसासा निघाला. दारात बाळाबाई उभ्या होत्या.

तोच पलीकडून हाक आली, "सिस्टर! ओ सिस्टर!"

ती खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठायला लागली.

"बसा!" मी गरजलो, आणि त्या कॉटकडं गेलो. पाय प्लास्टरमध्ये टांगलेला आकाराम नावाचा पेशंट होता. "काय पाहिजे तुला? घडीभर दम निघत नाही?"

"भांडं पायजे," तो म्हणाला.

"कसलं भांडं?"

"द्येवपूजेचं!" तो कळवळून ओरडला. "झटक्यान् आना, साहेब!"

आयाबाई जेवायला गेली होती. मी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. भेटीला आलेला एकूण एक माणूस माझ्याकडं बघत होता, आणि मी मिटिंगचा इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. मग मी कॉटखालचं भांडं काढलं आणि पडदा ओढला. पुढचं काम मी सहा वर्षं प्रशासन करून कधी शिकलो नव्हतो. थोड्या वेळानं ते भांडं दोन्ही हातांत लांब धरून, मान वळवून, मी न्हाणीघराकडं निघालो. सबंध वॉर्डानं मला वाट दिली. आकारामची सासू पदर तोंडाला लावून हसत होती.

"साहेब, सरळ धरा!" मागून सलमा सिस्टर ओरडली. "आन् झाकण कुठाय? झाकण घाला की वर!"

उठली मात्र नाही.